हसू कोणाच्या मालकीचे? : रिचर्ड प्रायरचा रंगमंच आणि पडदा

1

मराठी समीक्षेने विनोदावर पुष्कळ लिहिले आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून चिं. वि. जोशी, अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंतची परंपरा अभ्यासक्रमातून पिढ्यानपिढ्या शिकवली जाते. या परंपरेविषयी लिहिताना आमच्या समीक्षकांची विशेषणे ठरलेली असतात. निर्विष विनोद, नर्म विनोद, निखळ विनोद. विनोदाने कोणाला बोचू नये, हा जणू विनोदशास्त्राचा पहिला नियम. पण कोणाला बोचू नये, हा प्रश्न ही समीक्षा विचारत नाही. ज्याला बोचते तो सभागृहात नसतोच, असे तिने गृहीत धरलेले असते. मराठी नाटकातला रामा गडी वर्षानुवर्षे धन्याच्या दिवाणखान्यात चहाचे कप घेऊन येत राहिला आणि त्याच्या बोलीला प्रेक्षक हसत राहिले. त्या हसण्याला कोणी विषारी म्हटले नाही, कारण रामा गड्याच्या घरची माणसे तिकीट काढून पुढच्या रांगेत बसलेली नव्हती.

हसणे ही निरागस क्रिया नाही. हसण्याला दिशा असते. कोण हसतो, कोणाला हसतो, आणि ज्याला हसले जाते तो त्या वेळी कोठे उभा असतो, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय विनोदाचे मूल्यमापन करता येत नाही. या विधानाची तपासणी एका माणसाच्या आयुष्यावर करावी, असा या लेखाचा हेतू आहे. तो माणूस आपल्या देशातला नाही. रिचर्ड प्रायर हा अमेरिकेतील काळा विनोदकार. एक माईक, एक रिकामा रंगमंच आणि अंगावरचे कपडे एवढ्या सामग्रीवर तो उभा राहिला आणि पुढे हॉलिवुडच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांत गणला गेला. 1998 साली विनोदासाठीचे मार्क ट्वेन पारितोषिक सुरू झाले, त्याचा पहिला मानकरी तोच होता. हा सगळा सन्मान मान्य करूनही एक प्रश्न उरतो. रंगमंचावर ज्याने हसण्याची दिशा उलटवली, त्याचे पडद्यावर काय झाले?

2

आरंभ एका प्रसंगाने करतो. 1958 ते 1960 या काळात प्रायर अमेरिकेच्या सैन्यात होता आणि त्याची नेमणूक जर्मनीत होती. तेथे सैनिकांना 'इमिटेशन ऑफ लाइफ' हा 1959 चा चित्रपट दाखवला गेला. त्यात एका काळ्या मोलकरणीची मुलगी वर्णाने उजळ आहे. ती स्वतःला गोरी म्हणवून घेते आणि जन्मदात्या आईला ओळख देण्याचे टाळते. काळ्या माणसाच्या काळजाला घरे पाडणारी ही कथा. पण ती पाहताना एक गोरा सैनिक वर्णद्वेषाच्या प्रसंगांना जरा जास्तच मोकळेपणाने हसला. प्रायर आणि आणखी काही काळ्या सैनिकांनी त्याला मारहाण केली, भोसकले. तो वाचला. प्रायरच्या सैनिकी सेवेचा बराचसा काळ त्यानंतर लष्करी तुरुंगात गेला.

या हिंसेचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण विनोदाच्या अभ्यासकाने या प्रसंगापाशी थांबले पाहिजे. पुढे ज्याने आयुष्यभर लोकांना हसवले, तो वयाच्या विशीच्या आत एका हसण्यासाठी तुरुंगात गेला. हसणे हे शस्त्र आहे, हे त्याला कोणत्याही सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथाने शिकवले नव्हते. चित्रपटगृहाच्या अंधारात ते शस्त्र आपल्या अंगावर चालून येताना त्याने ऐकले होते.

अमेरिकेत हे शस्त्र जुने आहे. 1830 च्या सुमारास थॉमस डार्टमथ राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून, फाटके कपडे घालून 'जिम क्रो' नावाच्या काळ्या माणसाची नक्कल करीत नाचू लागला. या नकलांतून 'मिन्स्ट्रेल' नावाचा करमणुकीचा मोठा धंदा उभा राहिला. आळशी, भित्रा, सदा दात काढणारा काळा माणूस ही प्रतिमा त्या धंद्याने घरोघरी पोचवली. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर दक्षिणेतील राज्यांनी वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळे नळ यांचे कायदे केले, त्या कायद्यांना नाव पडले 'जिम क्रो'. एका विनोदी पात्राचे नाव अस्पृश्यतेच्या कायद्याला मिळाले. विनोद निर्विष असतो म्हणणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

3

प्रायरचा जन्म 1 डिसेंबर 1940 रोजी इलिनॉय राज्यातील पिओरिया या गावी झाला. आजी मेरी कार्टर वेश्यागृहे चालवीत असे. आई तेथेच धंदा करणारी, बाप एकेकाळचा मुष्टियोद्धा, नंतर दलाल. मूल वाढले ते आजीच्या हाताखाली. लहानपणीच त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला. चौदाव्या वर्षी शाळेतून काढून टाकले गेले. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हाती आल्यापासून मराठी वाचकाला अशा वस्तीची तोंडओळख आहे. सभ्य समाज ज्या वस्तीतून रात्री जातो आणि दिवसा तिच्याकडे पाठ फिरवतो, त्या वस्तीतल्या मुलाला सभ्य समाज आतून दिसलेला असतो. गोरे गिऱ्हाईक दारातून आत येताना कसे असते आणि बाहेर पडताना कसे असते, हे पिओरियातल्या त्या मुलाने उघड्या डोळ्यांनी पाहिले. त्याच्या पुढच्या विनोदाचे भांडवल हेच.

या काळात त्याला एक शिक्षिका भेटली, ज्युलिएट व्हिटाकर. पिओरियाच्या कार्व्हर समाजकेंद्रात ती मुलांची नाटके बसवीत असे. शाळेने हाकललेल्या या मुलाला तिने रंगमंचावर उभे केले. पुढे 1974 मध्ये दूरचित्रवाणीवरील लेखनासाठी प्रायरला एमी पारितोषिक मिळाले, तेव्हा ते मानचिन्ह त्याने या बाईंना देऊन टाकले. आमच्यातल्या शिक्षकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पहिल्या पिढीचा विद्यार्थी वर्गाबाहेर फेकला जातो, तेव्हा त्याची प्रतिभा वर्गाबाहेरच कोणीतरी हेरावी लागते.

1963 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. त्या वेळी काळ्या विनोदकारांत बिल कॉस्बीचे नाव गाजत होते. कॉस्बीचा विनोद स्वच्छ, घरगुती, कोणत्याही गोऱ्या कुटुंबाने मुलाबाळांसह ऐकावा असा. प्रायरने तोच कित्ता गिरवला. एड सलिव्हनच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो झळकला, पैसा मिळू लागला. पण जे तो बोलत होता त्यात पिओरिया नव्हते, आजी नव्हती, तुरुंग नव्हता. गोऱ्या प्रेक्षकाला अडचण होऊ नये म्हणून त्याने स्वतःलाच वगळले होते.

हा टप्पा आपल्याला परका नाही. आपल्यातल्या पहिल्या लेखकांनी, पहिल्या प्राध्यापकांनीही काही काळ असेच लिहिले-बोलले आहे. प्रमाण भाषेत, प्रमाण विषयांवर, प्रमाण विनोद करीत. आडनाव सांगताना घसा खाकरणे आणि मित्राला घरी न्यायचे टाळणे ही याच अनुकरणाची रूपे आहेत. अनुकरण हा गुन्हा नव्हे; पण अनुकरणात माणूस गुदमरतो.

सप्टेंबर 1967 मध्ये लास व्हेगासच्या अलादीन हॉटेलात प्रायर गुदमरला. सभागृह भरलेले, समोर बडे लोक बसलेले. तो माईकपाशी आला, समोर पाहिले, आपण येथे काय करतो आहोत असा प्रश्न त्याने शिवी हासडून स्वतःलाच विचारला आणि निघून गेला. या प्रसंगाभोवती दंतकथा जमली आहे. एका रात्रीत माणूस बदलत नसतो आणि प्रायरही बदलला नाही. त्यानंतरही काही काळ तो जुनेच करीत राहिला. परंतु नकाराचा पहिला उच्चार झाला होता. नकाराशिवाय निर्मिती नाही, हे दलित साहित्याने आपल्याला शिकवले आहेच.

4

1971 साली तो कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जाऊन राहिला. शेजारच्या ओकलंडमध्ये 1966 साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथरची स्थापना केली होती. न्यूटनशी त्याचा परिचय झाला. इश्मेल रीड, सेसिल ब्राऊन यांसारख्या काळ्या लेखकांत त्याची ऊठबस सुरू झाली. माल्कम एक्स यांची भाषणे त्याने अभ्यासली. शाळा सुटलेल्या माणसाचे हे विद्यापीठ होते. पुढच्याच वर्षी, 1972 मध्ये, त्याच पँथरचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. या दोन घटनांत कार्यकारणाचा धागा जोडण्याची गरज नाही. एकाच काळात, पृथ्वीच्या दोन टोकांना, बहिष्कृतांची तरुण पिढी एकाच निष्कर्षाला पोचत होती : आता त्यांच्या भाषेत बोलायचे नाही.

1974 मध्ये 'दॅट निगर्स क्रेझी' ही त्याची ध्वनिमुद्रिका आली. 1975 आणि 1976 मध्ये आणखी दोन आल्या. तिन्हींना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या ध्वनिमुद्रिकांत जे ऐकू येते त्याला चुटके म्हणता येणार नाही. ती माणसे आहेत. रविवारी सकाळी चौकात उभा राहून रहदारीला दिशा देणारा दारुडा आहे. नशेत बुडालेला तरुण आहे आणि तो दारुडा त्याला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगतो आहे. चर्चमधला पाद्री आहे. मिसिसिपीतून आलेला मडबोन नावाचा म्हातारा आहे. त्याच्या गोष्टी ऐकताना तक्क्यात बसून तंबाखू चोळीत जुन्या काळच्या कथा रंगवणारा आपल्याकडचा एखादा आजा आठवावा. प्रायर या माणसांना हसत नाही. तो त्यांच्या तोंडून हसतो. नक्कल आणि परकायाप्रवेश यांत हाच फरक आहे. नक्कल करणारा पात्राच्या वर उभा असतो. प्रायर पात्राच्या आत उभा आहे.

एक उदाहरण घेऊ. पोलीस गाडी अडवतात. गोऱ्या माणसाला तो गमतीचा प्रसंग वाटतो. काळ्या माणसाला मात्र परवाना काढण्यासाठी खिशात हात घालण्यापूर्वी, आपण हात खिशात घालीत आहोत हे मोठ्याने, शब्द तोडून तोडून जाहीर करावे लागते. नाहीतर तो हात शेवटचा ठरतो. 1974 च्या या प्रवेशावर गोरे हसले आणि काळेही हसले. गोऱ्यांना अतिशयोक्ती ऐकू आली, काळ्यांना घरातला धडा ऐकू आला. एकाच वाक्यावर दोन समाज दोन कारणांनी हसतात आणि ते हसणे एकमेकांना ऐकू जाते, हे प्रायरचे खरे यश. 25 मे 2020 रोजी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर हा प्रवेश पुन्हा ऐकला तर हसू घशात अडकते.

1976 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षे झाली. देशभर उत्सव चालू असताना प्रायरने त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस एक 200 वर्षांचा काळा म्हातारा उभा केला. त्याचा आवाज मिन्स्ट्रेलमधला, दात काढून खिदळणारा. गुलामांच्या जहाजाबद्दल तो खिदळत सांगतो, विकल्या गेलेल्या बायकामुलांबद्दल खिदळत सांगतो, पार्श्वभूमीला देशभक्तीचे संगीत वाजते आहे. आणि शेवटच्या वाक्याला ते खिदळणे एकदम थांबते. हे सगळे मी विसरणार नाही, एवढेच तो साध्या आवाजात सांगतो. ज्या हास्याने दीडशे वर्षे काळ्या माणसाला बुजगावणे केले, तेच हास्य त्याने मालकाच्या दारात नेऊन टाकले. विद्रोही विनोद म्हणजे काय, याची व्याख्या मला विचारली तर मी या काही मिनिटांकडे बोट दाखवीन.

5

आता त्या शब्दाबद्दल. काळ्या माणसाला हिणवण्यासाठी गोऱ्यांनी घडवलेली शिवी प्रायरने आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या नावात घातली. शत्रूच्या हातातली शिवी हिसकावून ती आपल्या हातात घेतली की तिची धार जाते, असा त्यामागचा विचार. आमच्या साहित्यानेही हे केले. जातीवाचक शिव्या, गावकुसाबाहेरची भाषा दलित कवितेने जशीच्या तशी छापली आणि सदाशिवपेठी अभिरुचीला घाम फुटला. ते आवश्यकच होते.

पण प्रायर तेथे थांबला नाही. 1979 मध्ये तो केनियाला गेला. तेथे पोलिसापासून अधिकाऱ्यापर्यंत, दुकानदारापासून शिक्षकापर्यंत सगळे काळे. नैरोबीतील हॉटेलात बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आले की येथे माणसे आहेत. तो शब्द ज्याला लावावा असा एकही जण येथे नाही. पुढे 1982 च्या 'लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप' या चित्रपटात त्याने तो शब्द सोडल्याचे प्रेक्षकांसमोर जाहीर केले. ज्या शब्दाने त्याला कीर्ती आणि पैसा दिला, तोच शब्द त्याने टाकला.

1956 च्या धर्मांतराचा वारसा सांगणाऱ्यांना यातले मर्म समजावून सांगावे लागू नये. शिवी उलटवणे ही एक पायरी आहे, शिवीच्या बाहेर पडणे ही पुढची. पहिल्या पायरीवर आपण शत्रूला उत्तर देत असतो, म्हणजे अजून त्याच्याच प्रश्नपत्रिकेवर लिहीत असतो. दुसऱ्या पायरीवर प्रश्नपत्रिका आपली असते. जातीची वेदना मांडणे आणि जातीच्या नावातच घर करून राहणे या दोहोंतला भेद आपल्या आजच्या काही लेखनात पुसट होतो आहे. म्हणून प्रायरचा हा त्याग मला त्याच्या सर्व पारितोषिकांहून मोठा वाटतो.

6

येथपर्यंतचा प्रायर रंगमंचावरचा. आता पडदा.

1972 च्या 'लेडी सिंग्ज द ब्लूज' मध्ये बिली हॉलिडे या गायिकेच्या साथीदाराची, पियानोवाल्याची लहानशी भूमिका त्याने केली आणि तो नट आहे हे सिद्ध झाले. त्यानंतर मेल ब्रूक्सच्या 'ब्लेझिंग सॅडल्स' (1974) या चित्रपटाच्या लेखनात त्याचा हात होता. गोऱ्यांच्या गावात काळा शेरीफ येतो, ही त्याची कथा. ती भूमिका प्रायरने करावी अशी ब्रूक्सची इच्छा होती. स्टुडिओने नकार दिला आणि भूमिका क्लीव्हन लिटल या दुसऱ्या काळ्या नटाकडे गेली. प्रायरची लेखणी चालली, प्रायर चालला नाही. माल हवा, माणूस नको, हा न्याय आपल्या तमाशाला विचारावा. ज्या जातींनी तमाशा जगवला त्या फडावर कर्ज काढत राहिल्या. तमाशाचा बाज मात्र 'लोकनाट्य' होऊन शहरातल्या वातानुकूलित नाट्यगृहांत प्रतिष्ठित झाला.

पडद्यावर प्रायरने लढा दिलाच नाही, असे नव्हे. 'सिल्व्हर स्ट्रीक' (1976) मध्ये पळून चाललेल्या गोऱ्या नायकाला तो स्थानकाच्या शौचालयात तोंडाला बूटपॉलिश फासून काळा बनवतो. म्हणजे तोच जुना मिन्स्ट्रेल. मूळ पटकथेत तेथे एक गोरा माणूस येतो आणि या सोंगाला फसतो. प्रायरने हरकत घेतली. आत येणारा माणूस काळा असावा आणि तो फसू नये, असा बदल झाला. त्यामुळे पडद्यावर हसू झाले ते काळ्याची नक्कल करू पाहणाऱ्या गोऱ्याचे. एका माणसाच्या येण्याने हसण्याची दिशा कशी पालटते, याचा हा वस्तुपाठ आहे.

'ब्लू कॉलर' (1978) हा त्याचा पडद्यावरचा सर्वोत्तम प्रयत्न, असे मी मानतो. मोटार कारखान्यातले तीन कामगार, दोन काळे आणि एक गोरा, कर्जाने पिचून आपल्याच युनियनची तिजोरी फोडतात. पैसा थोडाच मिळतो, पण युनियनच्या भ्रष्टाचाराचे कागद हाती लागतात. पुढे तिघांपैकी एकाचा जीव जातो, एकाला बढती देऊन विकत घेतले जाते, आणि शेवटी उरलेले दोघे, काळा आणि गोरा, एकमेकांच्या अंगावर धावून जातात. विकला जाणारा तो काळा कामगार प्रायरने उभा केला. वर्ग आणि वर्ण यांच्या नात्याविषयी आपल्याकडे डाव्यांशी जो जुना वाद आहे, त्याचे इतके नेमके चित्र मी दुसऱ्या व्यावसायिक चित्रपटात पाहिलेले नाही.

पण बाजाराला हा प्रायर नको होता. 1977 मध्ये एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात त्याने अमेरिकेचा पहिला काळा राष्ट्राध्यक्ष पत्रकारांना सामोरा जाताना दाखवला. प्रत्यक्षात तसा राष्ट्राध्यक्ष निवडून यायला 2008 साल उजाडले. पहिल्याच भागाच्या आरंभावर कात्री चालली आणि चार भागांत कार्यक्रम आटोपला. याउलट सिडनी पॉयटिए दिग्दर्शित 'स्टर क्रेझी' (1980) या हलक्याफुलक्या चित्रपटाने 10 कोटी डॉलरांहून अधिक धंदा केला. काळ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाने एवढा पल्ला प्रथमच गाठला, ही अभिमानाची गोष्ट. पण धडा निघाला तो वेगळाच : प्रायर हवा, पण दात काढलेला.

तो धडा 'द टॉय' (1982) मध्ये पूर्ण झाला. लुइझियाना राज्यातला गोरा कोट्यधीश. त्याचा मुलगा बापाच्या दुकानात खेळणी पाहायला जातो आणि तेथे काम करणाऱ्या बेकार काळ्या पत्रकाराकडे बोट दाखवून हेच खेळणे हवे म्हणतो. बाप ते विकत घेतो. मूळ फ्रेंच चित्रपटात खेळणे झालेला माणूस गोरा आहे. तेथे ती श्रीमंतीवरची टीका ठरते. लुइझियानात, जेथे माणसांचे बाजार भरत, तेथे काळ्या माणसाला खेळणे म्हणून विकत घेतल्यावर तो निव्वळ विनोद राहत नाही. चित्रपट मात्र तो विनोदच समजतो. 1976 मध्ये ज्याने 200 वर्षांच्या म्हाताऱ्याचे खिदळणे थांबवले, तो 1982 मध्ये पुन्हा खिदळताना दिसतो. पुढच्या वर्षी 'सुपरमॅन 3' साठी त्याला सुमारे 40 लाख डॉलर मिळाले; खुद्द सुपरमॅन झालेल्या नटाहून जास्त.

हा दोष एकट्या प्रायरच्या चारित्र्याचा नाही. रंगमंचावर माईक त्याच्या हातात होता. काय बोलायचे, कोठे थांबायचे, कोणाकडे पाहून बोलायचे हे तो ठरवीत होता. 1979 च्या 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' या चित्रपटाच्या आरंभी, मध्यंतरानंतर लगबगीने जागेवर परतणाऱ्या गोऱ्या प्रेक्षकांचीच तो फिरकी घेतो. त्या सभागृहाचा मालक कोणीही असो, त्या दीड तासाचा मालक प्रायर आहे. पडद्यावर मात्र पटकथा दुसऱ्याची, कॅमेरा दुसऱ्याचा, कात्री दुसऱ्याची, आणि नफाही दुसऱ्याचा. साधनांवर मालकी नसेल तर प्रतिभेचा मजूर होतो. 1983 मध्ये कोलंबिया कंपनीने त्याच्याशी 4 कोटी डॉलरांचा करार केला. 'इंडिगो' ही निर्मितीसंस्था उभी राहिली आणि फुटबॉलपटू जिम ब्राऊन तिचा प्रमुख झाला. काळ्या कलावंतांना साधने मिळण्याची ही संधी होती. वर्ष संपता संपता प्रायरने ब्राऊनला काढून टाकले आणि संस्थेतून फारसे काही निघाले नाही. येथे मात्र दोष व्यवस्थेच्या खाती टाकता येत नाही. किल्ली हाती आली होती. दार त्याने स्वतः बंद केले.

7

आणखी एक हिशेब मांडल्याशिवाय हे मूल्यमापन प्रामाणिक होणार नाही. प्रायरने अनेक लग्ने केली, आणि त्याच्या घरातल्या स्त्रियांनी त्याचा मार खाल्ला. 1978 च्या पहिल्याच दिवशी त्याने बायकोच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या. 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' मध्ये हा प्रसंग तो रंगवून सांगतो; सभागृह लोटपोट होते. स्वतःची फजिती सांगण्यात त्याचा हातखंडा होता, हे खरे. पण त्या कथेत मोटारीला आवाज आहे, बंदुकीला आवाज आहे, पोलीस आल्यावर उडालेल्या घाबरगुंडीला आवाज आहे. त्या बाईला नाही. वेश्यागृहात वाढलेल्या मुलाने दारुड्याला, नशेबाजाला, पाद्र्याला माणूसपण दिले. घरातल्या बाईपाशी येताच त्याची परकायाप्रवेशाची विद्या थांबली. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि उर्मिला पवार यांचे 'आयदान' वाचलेल्या वाचकाला ही जागा ओळखीची वाटेल. पीडित पुरुषाच्या हसण्यालाही दिशा असते, आणि ती कधीकधी खाली, घरातल्या पीडितेकडे असते.

9 जून 1980 रोजी कोकेनच्या अमलाखाली त्याने अंगावर दारू ओतून पेटवून घेतले आणि जळत्या अंगाने तो लॉस एंजलिसच्या रस्त्यावर धावला. त्यातून तो वाचला आणि दोन वर्षांनी त्याच आगीवर त्याने लोकांना हसवले. 1986 मध्ये त्याने 'जो जो डान्सर' हा आत्मकथनपर चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. त्याच वर्षी मज्जासंस्थेचा असाध्य आजार जडल्याचे निदान झाले. ज्याचे सगळे शरीर बोलत असे, त्याचे शरीर हळूहळू मुके झाले. 10 डिसेंबर 2005 रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तो वारला.

8

आमच्या महाविद्यालयाच्या एका स्नेहसंमेलनात एका मुलाने नकला केल्या. त्यात 'सरकारी जावई' आले, राखीव जागा आल्या, कमी गुणांचा डॉक्टर आला. सभागृह हसले. मी मागे उभा होतो. शेवटच्या दोन रांगांत आमची मुले बसली होती. त्यांनी आधी एकमेकांकडे पाहिले आणि मग तीही हसली. न हसण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. जर्मनीतल्या त्या अंधाऱ्या चित्रपटगृहाची मला तेव्हा आठवण झाली. आमच्या मुलांनी हात उचलावा असे मी म्हणणार नाही. पण खोटे हसणे हाही स्वतःवर केलेला वारच असतो.

यावर उपाय गप्प बसण्याचा नाही. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, तेव्हा तमाशाचाच साचा त्यांनी घेतला, सोंगाड्याची हजरजबाबी जीभ घेतली, पण तिचे तोंड फिरवले. ज्या देवाधर्माच्या नावाने लोक पिळले जात होते त्यांच्याकडे ते फिरवले. प्रायरने पुढे जे अमेरिकेत केले, त्याची आपली परंपरा आपल्या घरात होती. आज मुंबई-पुण्यात आंबेडकरी घरांतली काही मुलेमुली माईक हातात घेऊन जातीवर बोलू लागली आहेत, सवर्ण प्रेक्षकांसमोर उभी राहू लागली आहेत. त्यांचे स्वागत केले पाहिजे, आणि त्यांच्यावर गंभीर समीक्षाही लिहिली पाहिजे. त्यांना उद्या पडदा बोलावील, पैसा बोलावील. जाऊ नका, असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. दारिद्र्य हे काही मूल्य नव्हे.

एवढेच सांगावेसे वाटते की प्रायरचे आयुष्य दोन्ही बाजूंनी वाचावे. त्याने एका माईकच्या बळावर दीडशे वर्षांचे हसू परत फिरवले, हे वाचावे. आणि त्याला विकत घेणाऱ्यांनी तेच हसू पुन्हा त्याच्या तोंडावर कसे चिकटवले, हेही वाचावे. विनोद करताना आपल्याला कोण हसते आहे, एवढे पाहून चालणार नाही. मागच्या दोन रांगांतली मुले खरी हसत आहेत की नाही, हे पाहावे लागेल.